दाजींची सेकंडहँड सात-सीटर

जुनी गाडी घरात आली की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते गाडीबरोबरच येतात, आणि पार्टसारखे बाहेर पडत राहतात. आमच्या घरात आता बारसं असो की लग्न, चार नातेवाईक जमले की पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी काय म्हणतीया?" माणसांची चौकशी नंतर.

गाडी माझ्या दाजींची. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, मेढ्याला घरी आले आणि दोन महिने स्वस्थ बसले. तिसऱ्या महिन्यात फंडातल्या पैशातून बारा वर्षांची सात-सीटर डिझेल गाडी घेतली. घरात माणसं दोन, दाजी आणि माझी अक्का. उरलेल्या पाच सीट कशाला, हे विचारायची हिंमत फक्त अक्कात होती. तिनं विचारलं. दाजी म्हणाले, "ढकलायला माणसं नको का?"

हे ते तेव्हा चेष्टेत म्हणाले होते.

*

गाडी विट्याच्या एका माणसाकडून घेतली. त्याचं तिकडं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान. गळ्यात चेन, बोलणं मधासारखं. "एका हाताची गाडी हाय सुभेदार. डोळं झाकून घ्या."

दाजींनी त्याचं शब्दशः ऐकलं. घरी आल्यावर मी आरसी बुक वाचलं, तर आधीचे मालक तीन. दाजींनी लगेच फोन लावला.

तिकडून शांतपणे उत्तर आलं, "आजा, बाप आन् मी. घर एकच की ओ."

*

मी कोरेगावात राहतो. माझ्या शेजारी रफिकभाईंचं गॅरेज, म्हणून दाजी मेढ्याहून सातारा ओलांडून गाडी तिथं आणतात. रफिकभाई माणूस सरळ. जास्त बोलत नाहीत, त्यामुळं जेवढं बोलतात त्याचा अर्थ लावावा लागतो. तो मला आता पाठ झालाय. "किरकोळ हाय" म्हणजे पाच हजार. "खोलून बघाय लागंल" म्हणजे पंधरा. काहीच न बोलता हात धुऊन आले आणि "च्या घेणार का?" म्हणाले, तर इंजिन उतरवायचंय.

पहिल्याच महिन्यात गाडी धूर सोडायला लागली. रफिकभाईंनी समजावून सांगितलं, "काळा धूर म्हंजी इंजेक्टर. निळा म्हंजी पिस्टनच्या रिंगा. पांढरा म्हंजी हेडचं गॅस्केट. आपला कंचा हाय?"

दाजींनी आठवून सांगितलं, "सकाळी पांढरा. चढाला काळा. उताराला जरा निळसर."

रफिकभाई उठले, हात धुतले आणि म्हणाले, "च्या घेणार का?"

*

मग रेडिएटर. गाडी मेढ्याच्या घाटात तापायची, म्हणून दाजींनी मागं पाण्याचे दोन कॅन ठेवले. एकदा आम्ही सगळे निघालो होतो, उन्हाचं, आणि अक्काला तहान लागली. तिनं कॅनला हात लावला.

"ते गाडीचं हाय," दाजी म्हणाले.

"आन् माझं?"

"तुझं म्होरं गावात बघू."

पुढच्या गावात अक्का उतरली, पाणी प्याली आणि एसटीनं घरी गेली. गाडीच्या आधी पोचली.

*

सांगलीला दाजींच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तो मे महिना. निघाल्यावर वीस मिनिटांत एसी गेला. काचा खाली करायला गेलो, तर त्या बटणाच्या, आणि बटण मेलेलं. सहा माणसं, नवे कपडे, बंद काचा आणि इस्लामपूरच्या पुढचं ऊन. पुतण्यानं इस्त्री मोडू नये म्हणून पाठ टेकलीच नव्हती. सांगलीत उतरलो तेव्हा त्याचा शर्ट पिळून वाळत घालायच्या लायकीचा झाला होता.

मुलीचे वडील दारात आले. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं.

"वाटेत पाऊस लागला व्हय?"

दाजी म्हणाले, "लय."

*

त्याच दौऱ्यातलं दुसरं. सेल्फ-स्टार्टर अधूनमधून दगा द्यायचा, त्यामुळं दाजी गाडी नेहमी उतारावर लावायचे. मेढ्यात उताराला तोटा नाही. अडचण सांगलीत आली. सांगली सपाट. अर्धा तास आम्ही गावभर उतार शोधत हिंडलो. शेवटी रेल्वेच्या पुलाच्या कडेला लावली, तोंड खाली करून.

ट्रॅफिकचा हवालदार आला. "गाडी बंद पडलीय का?"

"न्हाई," दाजी म्हणाले, "चालू व्हावी म्हणून लावलीया."

पावती झाली. पण गाडी चालू झाली, हे दाजी अजून अभिमानानं सांगतात.

*

आणि मग एक दिवस गाडी चोरीला गेली.

शनिवारची सकाळ. दाजी साताऱ्याला भाजी आणायला गेले होते. किल्ली गाडीतच. ही कोण नेतंय, हा त्यांचा ठाम विश्वास. मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले तर गाडी नाही. आधी त्यांना वाटलं, घरंगळली असेल. उतारानं खालपर्यंत जाऊन बघून आले. मग पोलिसात गेले.

खरं सांगतो, घरात सुतक आल्यासारखं झालं. अक्का त्या गाडीला सवत म्हणायची, पण त्या दिवशी तिनं दोनदा अंगणात जाऊन रिकामी जागा बघितली. दाजी जेवले नाहीत. मला हळूच म्हणाले, "भाड्यानं घालीन म्हटलं व्हतं. पोरांकडं हात पसरायला नको म्हणून घेतली व्हती रं." एवढे खर्च झाले, पण हे कधी बोलले नव्हते.

रफिकभाई गॅरेज बंद ठेवून मेढ्याला आले आणि दाजींशेजारी बसले. मग म्हणाले, "लांब न्हाई जायची. क्लच संपत आलाय."

तिसऱ्या दिवशी रफिकभाईंना फोन आला. सांगलीच्या अलीकडं रस्त्याला लागून गॅरेज आहे, तिथला मिस्त्री बोलत होता. काचेवर रफिकभाईंचं स्टिकर होतं, त्यावरून नंबर घेतलेला. "भाई, ह्या गाडीचं हेड तुमी बसवलंय का? गाडीवाल्याला कायबी म्हायती न्हाई. काल घेतली म्हणतोय."

आम्ही गेलो. दाजी, मी, रफिकभाई आणि साताऱ्याहून एक हवालदार.

गाडी धुऊन उभी होती. चोर बाहेर स्टुलावर बसला होता. तिशीचा असेल, दोन रात्रींची झोप नसलेला. हवालदारानं दंड धरला तर तो पळायलाही उठला नाही. गाडी विकून पैसे सुटतील या आशेवर त्यानं पदरचे बावीस हजार भरले होते.

"साहेब, आधी नुसता क्लच म्हणाले," तो रडकुंडीला येऊन सांगायला लागला. "मग खोलल्यावर आणखी निघालं."

"निघतंच," रफिकभाई म्हणाले.

दाजी सरळ गाडीकडं गेले. गाडीत बसले. क्लच दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला. रस्त्यावर एक चक्कर मारून आले. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. इंजिन चालूच ठेवून ते खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून मिनिटभर ऐकत राहिले.

मग हवालदाराला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तक्रार मागं घेता येती का?"