तुमचा फोन आला!

आमच्या गल्लीत फोन एकच, शेजारच्या काकाजींकडे. साऱ्या गल्लीचे फोन तिथे यायचे. काकाजींसाठी कोणाचा आलेला मात्र मला आठवत नाही. घरात ते एकटेच. भिंतीवरून हाक यायची, "भाऊ, तुमचा फोन आला, लवकर या जी!" आपलं बोलणं होईस्तोवर ते चहा टाकायचे, मग तासभर उठू देत नसत.

अखेर आमच्याकडे फोन लागला. पेढा घेताना काकाजी हसून म्हणाले, "बरं झालं. आता तुमी काहून येसान इकडे?"

दुसऱ्याच संध्याकाळी आमचा फोन वाजला. "भाऊ, तुमचा फोन आला, लवकर या जी!" मी बनियनवरच धावलो. त्यांच्या ओट्यावर पोचल्यावर लक्षात आलं, की हा निरोप मी माझ्याच फोनवर घेतला होता.

आत चहा तयार होता.

"कोणाचा फोन होता, काकाजी?"

"माहाच होता. बसा."

आता तो फोन रोज येतो. बायको विचारते, "मंग घरी फोन घेतला कायले?"

"अवं, काकाजींनी फोन करावा तरी कोणाले?" म्हणत मी चपला शोधतो.