पानसे सरांची कोरी चिठ्ठी

सदाशिव पेठेत घरात दहावीचं मूल आहे आणि पानसे सर माहीत नाहीत, असा माणूस सापडणं कठीण. श्यामसुंदर पानसे. उभा जन्म शाळेत गणित शिकवलं, आणि गेली वीस वर्षं राहत्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत बसून लोकांच्या मुलांना करिअर सांगितलं. निकाल लागला की त्यांच्या जिन्यात चपलांचा ढीग पडायचा. भिंतीवर सरांच्या वळणदार अक्षरात सूचना होती: ‘पालकांनी मुलांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. मुले मुकी नाहीत.’ ती वाचून पालक खूश व्हायचे. वा, काय मोकळ्या विचारांचा माणूस! आणि मग आत जाऊन मुलांच्या वतीने उत्तरं द्यायचे.

कारण सरांची पद्धतच तशी होती. मूल चाचणीला बसायच्या आधी सर आईवडिलांना आतल्या खोलीत घ्यायचे, दार लोटायचे, निळी पेन्सिल उचलायचे आणि विचारायचे, “आपली स्वतःची इच्छा काय? अगदी मोकळेपणाने सांगा. चाचणीवर त्याचा काडीचाही परिणाम होणार नाही.” पालक सांगायचे. सर ते एका चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी फायलीला टाचायचे. मग मूल बाहेर बसून दोन तास एकशे ऐंशी प्रश्न सोडवायचं. तुला घड्याळ उघडून बघावंसं वाटतं का? दोघांचं भांडण चाललं असेल तर तू मध्ये पडतोस का? चौथ्या दिवशी अहवाल हातात. बेचाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष. निष्कर्ष काय? जे चिठ्ठीत, तेच निष्कर्षात.

“अगदी आमच्या मनातलं सांगितलंत हो सर!” पालकांचे डोळे भरून यायचे. अहो, मनातलंच होतं ते! दुसऱ्या कुणाच्या मनातलं असणार?

वीस वर्षांत एक अहवाल चुकला म्हणून कुणी परत आलं नाही. आणि मुलांनी दोन दोन तास घाम गाळून भरलेल्या उत्तरपत्रिका? त्या गठ्ठे बांधून माळ्यावर. तपासल्याच नाहीत, तर चुकणार कुठून?

सरांना यात काही वावगं वाटत होतं का? छे! “मूल शेवटी जाणार आईबाप पाठवतील तिथेच,” ते म्हणायचे. “मी फक्त घरातलं भांडण मिटवतो. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही.” यावर त्यांची बायको कुंदाताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणायची, “साप कुठला आहे, ते एकदा बघून तरी घ्या.”

त्या वर्षी जूनमध्ये एका मंगळवारी गेनबा आला. धायरीच्या पुढचा माणूस. गाव महापालिकेत गेलं, रानावर सोसायटी उभी राहिली, तरी डोक्यावरची टोपी आणि पायातल्या वहाणा तशाच. बरोबर नात, ऋतुजा. अठ्ठ्याऐंशी टक्के, पाठीला सॅक, चेहरा कावराबावरा.

“सर, सॉरी, खूप लेट झालाय,” ती म्हणाली. “उद्या सहापर्यंत फॉर्म लॉक करायचाय.”

अकरावीच्या त्या फॉर्ममध्ये दहा कॉलेजं क्रमाने भरायची. पहिल्या नंबरचं लागलं की ते घ्यायचंच, मागाहून कुरकुर चालत नाही. म्हणजे उद्या सहाला पोरीच्या पुढच्या दोन वर्षांवर शिक्का बसणार होता. सरांनी उद्याचा अहवाल तत्काळ कबूल केला. का नाही करणार? चिठ्ठी हातात आली की अर्ध्या तासाचं काम.

त्यांनी गेनबाला आत घेतलं, दार लोटलं, पेन्सिल उचलली. “आपली स्वतःची इच्छा काय?”

“कशाची?”

“नातीनं काय व्हावं?”

गेनबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आता घ्या! ते मी सांगायचं व्हय? मला कळत असतं तर हितवर कशाला आलो असतो? मी चौथी शिकल्याला.”

“तरी, तिच्या वडिलांचं काही…”

“त्याला प्लॉटिंगातनं सवड न्हाई. म्हनला, आबा, तुम्हीच बगा. आन् मला लोकांनी सांगितलं, पानसे सर बगतात. तुम्ही सांगाल त्या लाइनीला घालायची पोरगी. एक अक्षर इकडचं तिकडं करनार न्हाई.”

पेन्सिल कागदाला टेकली ती टेकलेलीच राहिली. “बरं, निदान एखादा अंदाज?”

“अंदाजानं काय पेरतंय का कुनी?” गेनबा हसला. मग जरा पुढे सरकला. “एक इचारू का सर? राग नका मानू. बियान्याच्या दुकानात गेलो का मी आदी मालकाला इचारायचो, तुमच्या सोताच्या रानात हेच पेरलंय का? तर तुमच्या पोराला हितं काय निघालं हुतं?”

“इंजिनिअर.”

“मग? खुश हाय का?”

“हिंजवडीला आहे.”

“त्यो पत्ता झाला,” गेनबा म्हणाला. “मी खुश हाय का इचारलं.”

“आहे की! न असायला काय झालं?” सर जरा मोठ्यानेच बोलले. गेनबानं मान हलवली आणि टोपी डोक्यावर घातली.

ऋतुजानं चाचणी दिली, आजा आणि नात उद्या तीनला येतो म्हणून गेले, आणि सर फाइल उघडून बसले. टाचणीला कोरी चिठ्ठी. सरांची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं लोक त्यांचं ऐकत होते, कारण लोकांना स्वतःचंच ऐकायचं होतं. आता एक माणूस खरोखर ऐकणार होता. सांगाल तिथे घालतो म्हणाला होता, आणि तो घालणारा माणूस होता!

आधी त्यांनी सरळ ‘अभियांत्रिकी’ टाइप केलं. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांना पुण्यात दुसरं काय लिहितात? पण बोट पुढे सरकेना. एक अक्षर इकडचं तिकडं करनार न्हाई. मग ‘वाणिज्य’ टाइप केलं. तेही पुसलं. शेवटी हाक मारली, “कुंदा, ती तपासायची पुस्तिका कुठे आहे गं?”

“कसली?”

“या चाचणीची. उत्तरं तपासायची.”

“अगंबाई!” कुंदाताई दारात येऊन उभी राहिली. “तपासता येतात होय ती?”

स्टूल लावून सर माळ्यावर डोकावले. पुस्तिका निघाली ती सगळ्यात तळाच्या, पहिल्या गठ्ठ्यात. धूळ झटकून त्यांनी मेजावर ठेवली आणि मास्तरांच्या सवयीने ठरवलं, एकदम पोरीच्या पेपरला हात नको, आधी एखादं जुनं उदाहरण सोडवून बघू. गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा पेपर ओढला. नाव होतं समर्थ श्यामसुंदर पानसे.

त्यांचाच मुलगा. पहिलं गिऱ्हाईक. तेव्हा सोळा वर्षांचा, आता छत्तीसचा. टाचणीला चिठ्ठी, निळ्या पेन्सिलीत, स्वतःच्याच अक्षरात: संगणक अभियंता.

सरांनी तो पेपर तपासला. यंत्रांची आवड तळाला. दुसऱ्याला समजावून सांगणं, धीर धरणं, पोराटोरांत रमणं सगळ्यात वर. पुस्तिकेत त्यापुढे छापलेलं होतं: शिक्षक. सरांनी बेरीज पुन्हा केली. गणिताचा मास्तर, बेरीज चुकते कुठे?

आणि शेवटी एकशे ऐंशीवा प्रश्न. बाकीच्यांना खुणा करायच्या, यालाच तेवढ्या दोन ओळी मोकळ्या. तुला स्वतःला काय व्हावेसे वाटते? त्याखाली समर्थनं नीटस अक्षरात लिहिलं होतं: ‘बाबांना विचारून सांगतो.’

पोरानं विचारलं होतं का, ते सरांना आठवेना. विचारलंही असेल. त्या वेळी बाबा चिठ्ठी लिहीत असतील.

त्यांनी गठ्ठ्यातले आणखी पाचसात पेपर काढून फक्त शेवटचा प्रश्न वाचला. ‘आईला माहीत आहे.’ ‘जे निघेल ते.’ ‘पप्पांचं क्लिनिक आहे.’ सरांना लाज वाटली. तत्त्वज्ञान नाही, काही नाही, साधी लाज, उघड्यावर धोतर सुटल्यासारखी. कुंदाताईनं चहा आणून ठेवला, समर्थच्या पेपरवर नजर टाकली आणि जन्मात पहिल्यांदा टोमणा न मारता आत गेली.

मग त्यांनी ऋतुजाचे एकशे ऐंशी प्रश्न तपासले, एकेक करून, अंगठ्याने ओळ धरून. निरीक्षण वर, जागा आणि दिशांची समज वर, चार भिंतींत बसायची हौस बेताची. शेवटच्या दोन ओळी तिला पुरल्या नव्हत्या, तिनं समासात लिहिलं होतं: ‘माहीत नाही. पण आमच्या पार्किंगमध्ये दर वर्षी पाणी का भरतं ते मला माहितेय. सगळे ड्रेनेजला नावं ठेवतात. ॲक्चुअली तिथून ओढा जायचा. आबांनी दाखवलाय. मी नकाशा काढून सेक्रेटरींना दिला. ते थँक यू म्हणाले.’

सर खुदकन हसले. सेक्रेटरीनं त्या नकाशात भजी बांधली असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीनला दोघं आली. भिंतीवरची ती सूचना वीस वर्षांत एकट्या गेनबानंच मनावर घेतली. तो कोपऱ्यात बसला आणि चकार शब्द बोलला नाही. सरांनी दार लोटलं नाही. बेचाळीस पानंही नव्हती, हातानं लिहिलेलं एकच पान होतं.

“शास्त्र शाखा घे. गणित ठेव. आणि भूगोल घे,” सर म्हणाले.

“भूगोल?” ऋतुजाचा चेहरा पडला. “तो तर आर्ट्सवाले घेतात ना? फ्रेंड्स हसतील, सर.”

“हसू देत. त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं की तुलाच फोन करतील. शास्त्र शाखेतही घेता येतो, पण सगळीकडे नाही. दाखव बघू तुझी यादी.”

तिनं फोन पुढे केला. पहिल्या नंबरला होतं ते कॉलेज, जिथे तिच्या तिन्ही मैत्रिणी जाणार होत्या.

“इथे भूगोल आहे का?”

“चेक नाही केलं.”

“यालाच घोडचूक म्हणतात. अख्खं पुणं हेच करतं. आधी कॉलेजचं नाव ठरवायचं, मग तिथे जे वाढतील ते गिळायचं. आपण आधी विषय ठरवू, मग कॉलेज.”

दोन तास ती दोघं एकेक कॉलेजची माहिती उघडून बसली. दोन ठिकाणी सरांनी स्वतः फोन लावून कारकुनाशी हुज्जत घातली. मैत्रिणींचं कॉलेज पहिल्यावरून सातव्यावर गेलं तेव्हा ऋतुजानं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते सरांना दिसलं.

“हे बघ,” ते म्हणाले, “पुढे पाण्याचा अभ्यास आहे, भूगर्भ आहे, नगररचना आहे. त्यातलं तुला काय आवडेल, ते मला आज माहीत नाही, तुलाही नाही. म्हणून दारं उघडी ठेवायची. तुला नको असेल तर आत्ता बदल. आणि मी चुकूही शकतो.”

मी चुकूही शकतो! सदाशिव पेठेत हे वाक्य मोठ्याने उच्चारलेलं कुणी ऐकलं नसेल. भिंतीवरची सूचनासुद्धा दचकली असेल.

ऋतुजानं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग स्वतःच्या अंगठ्याने लॉक केली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. “सेक्रेटरींना नकाशा परत मागू का, सर?” तिनं विचारलं.

“मागू नको. नवा काढ. तारीख घालून दे.”

गेनबा उठला. “बरं वाटलं सर. चुकू शकतो म्हनलात. खताचा दुकानदार बी एवढं म्हनत न्हाई.” उंबऱ्यापाशी वहाणा घालताना तो थांबला. “आन् पोराला एकदा इचारा.”

समर्थचा त्या दिवशी हिंजवडीला न जाता घरून काम करायचा वार होता. मागच्या, त्याच्या खोलीत दोन स्क्रीन लावून, कानांवर ते मोठे हेडफोन घालून तो बसला होता. सर पिवळी पडलेली उत्तरपत्रिका घेऊन दारात उभे राहिले. मुलाच्या खोलीत जाताना त्यांनी आजवर कधी दार वाजवलं नव्हतं. आज वाजवलं.

“समर्थ, तुला काय व्हायचं होतं रे?”

समर्थनं एक कान मोकळा केला. “कधी?”

“दहावीत.”

समर्थनं बापाकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे. अक्षर त्याच्या ओळखीचं होतं.

“का?” तो म्हणाला. “मुदत वाढवून दिली का?”

स्वयंपाकघरात चाललेला भांड्यांचा आवाज थांबला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना उत्तरं देणारा माणूस दारात नुसता उभा होता.

समर्थनं हेडफोन काढून मेजावर ठेवले आणि पलंगावरचे कपडे एका बाजूला सारले.

“सहाला मीटिंग आहे,” तो म्हणाला. “वीस मिनिटं आहेत, बाबा. बसा.”