नैरोबीहून पुढे कुठे?

"केनियाला सर्टिफिकेट लागत नाही, मी चेक केलंय," संदीप म्हणाला आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं.

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. घोटाळा त्यातूनच झाला.

मी तेव्हा बर्मिंगहॅममधल्या एका सर्जरीत जीपी होते. सर्जरी म्हणजे ऑपरेशनची जागा नव्हे, इथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात. आठवड्यातली एक दुपार माझ्याकडे ट्रॅव्हल क्लिनिक असायचं. परदेशी जाणाऱ्यांना लसी टोचायच्या, गोळ्या लिहून द्यायच्या आणि त्या देशाचं माहितीपत्रक हातात ठेवायचं. केनियाचं पत्रक मला तोंडपाठ होतं. नैरोबी उंचावर आहे, संध्याकाळी स्वेटर लागतो. सखल भागात आणि समुद्राकाठी मलेरिया आहे, गोळ्या चुकवू नका. नळाचं पाणी पिऊ नका. यूकेहून थेट जाणाऱ्याला यलो फीवरचं सर्टिफिकेट लागत नाही.

संदीप एका बँकेत आयटीत होता. माणूस हुशार, पण कायम घाईत. त्याच्यासोबत त्याचे वडील होते. घरात त्यांना नाना म्हणत, मी काका म्हणू लागले. ते उन्हाळ्यात पुण्याहून लेकाकडे राहायला आले होते. नैरोबीत त्यांची थोरली बहीण, अक्का, राहायची. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. आता तिला विमानप्रवास झेपत नव्हता. कित्येक वर्षांत बहीणभावाची भेट नव्हती. यंदा मुलांची हाफ-टर्मची सुट्टी आणि दिवाळी लागून आली होती. म्हणून सगळ्यांनी मिळून केनियाला जायचं, भाऊबीज अक्काकडे करायची, असा बेत ठरला होता.

"छान! आणि मग सगळे परत इथे?" मी विचारलं.

"आम्ही परत. नाना नैरोबीहून डायरेक्ट मुंबई. माझ्या पुतणीचं लग्न आहे ना, तुळशीच्या लग्नानंतर लगेच."

माझा हात कीबोर्डवर थांबला. पत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जाऊन परत येणारा प्रवासी असतो. आपली माणसं तशी कुठे जातात? एका तिकिटात तीन देश आणि चार नातेवाईक उरकतात.

"संदीप, केनिया तुमच्याकडे सर्टिफिकेट मागणार नाही. भारत मागेल."

यलो फीवर डासांमुळे होणारा ताप आहे. आफ्रिकेच्या बऱ्याच भागात तो आहे, भारतात नाही. डास मात्र भारतात भरपूर. म्हणून आपलं सरकार याबाबत फार कडक आहे. केनियासारख्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं सर्टिफिकेट नसेल, तर विमानतळावरूनच क्वारंटाइनमध्ये. म्हणजे ते सहा दिवस भरेपर्यंत वेगळं ठेवतात. नात बोहल्यावर आणि आजोबा कोंडलेले.

"मग द्या ना लस. आत्ताच," संदीप म्हणाला.

ही लस जिवंत विषाणूची असते, अर्थात कमजोर केलेल्या. साठीनंतर ती जपूनच द्यावी लागते. मी काकांना गोळ्यांचं विचारलं.

"एक बीपीची. बाकी काही नाही."

मघाशी वेटिंग रूममधून उठताना त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले होते. "सांधेदुखीला काही घेता?"

"ती होय? ती छोटी पांढरी. आमच्या डॉक्टरांनी दिलीय, दोन वर्षं झाली. ती काय औषधात धरायची!"

खिशातून स्ट्रिप निघाली. स्टेरॉइड, आणि डोसही चांगला भरभक्कम. अशा माणसाची प्रतिकारशक्ती दबलेली असते. त्याला ही लस देणं म्हणजे जिवाशी खेळ. गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं. मी तसं सरळ सांगितलं.

संदीपचा चेहरा उतरला. "मॅडम, तुमच्याकडे स्टॅम्प आहे ना? इंजेक्शन न देता नुसतं सर्टिफिकेट... कोणाला कळणार आहे? नाहीतर पुण्यात एक जण ओळखीचा आहे, तो अरेंज करेल."

माझा पारा चढला. पण मी तोंड उघडायच्या आत काका बोलले.

"संदीप, मी जन्मभर जकात नाक्यावर लोकांचे कागद तपासले. आता खोटा कागद घेऊन रांगेत उभा राहू? मी नैरोबीला जात नाही. विषय संपला."

ते हे शांतपणे म्हणाले आणि स्ट्रिप पुन्हा खिशात ठेवली. वैद्यकीय सल्ला बिनचूक दिला होता आणि बहीणभावाची बहुधा शेवटची भेट मोडली होती.

मी त्यांना बसवून हेलनकडे गेले. हेलन आमची सीनियर पार्टनर, म्हणजे बॉस.

"लस देता येत नाही असं लेटर दे, मी सही करते," ती म्हणाली. "पण मुंबईतला अधिकारी ते मानेल याची गॅरंटी मी देणार नाही. तू देशील?"

"नाही."

"मग त्यांना वळसा घालून जाऊ दे. नैरोबी, इथे परत, थोडे दिवस थांबून मग इंडिया."

भाऊबीजेनंतर ते जमत नव्हतं. दिवाळीतली भारताची तिकिटं संपलेली, लग्न हुकलं असतं. पण आधी गेलं तर? मी परत येऊन विचारलं, "काका, दिवाळीची वाट कशाला बघता? आत्ताच अक्कांकडे जाऊन या. इथे परत या, आठवडाभर आराम करा आणि मग निवांत पुण्याला जा."

"आत्ता? पितृपंधरवडा तोंडावर आलाय. भाऊबीज कशी होणार?"

"आणि आत्या तिथीच्या बाबतीत प्रचंड स्ट्रिक्ट आहे," संदीप म्हणाला. "ती ऐकणारच नाही."

"त्यांना विचारा तरी."

दुसऱ्या दिवशी काका एकटेच बसने आले. अपॉइंटमेंट नव्हती. रिसेप्शनवर नुसते हसत उभे होते.

"रात्री फोनकार्ड घेऊन अक्काला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, तिथी सांभाळता येत नाही." ते काउंटरला टेकले. "भाऊ जवळ नसला की बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात ना? अक्का म्हणाली, नाना, इतकी वर्षं चंद्राला ओवाळलं. तिथी तो सांभाळतो. तू जमेल तेव्हा ये."

नैरोबी शहरात यलो फीवरचा धोका नगण्य, म्हणून लसीशिवाय जाणं चालण्यासारखं होतं. मी त्यांना मलेरियाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि स्वेटर न्यायला सांगितलं. संदीप कुरकुरत का होईना, त्यांच्याबरोबर गेला. ऑफिसातून सुट्टी काढणं आणि तिकीट बदलणं, दोन्ही त्यानेच निस्तरलं. अक्कांच्या हातून ओवाळून घेऊन परत आल्यावर काका आठवडाभर बर्मिंगहॅमला राहिले आणि मग भारतात गेले.

दिवाळीनंतर त्यांचा पुण्याहून फोन आला. आवाजात चक्क राग होता.

"डॉक्टरीणबाई, मुंबईला उतरल्यावर मी केनियाच्या शिक्क्याचं पान उघडून पासपोर्ट पुढे केला. तारखा तोंडपाठ करून गेलो होतो. त्या माणसाने बघितलंसुद्धा नाही हो! ठप्पा मारला आणि पुढचा. आमच्या नाक्यावर हे चाललं नसतं."

संदीपने नंतर मला विचारलंच, "मग मॅडम, एवढा खटाटोप कशाला केला?" नेमकी कोणत्या दिवशी तपासणी होईल, ते कुणी आधी कळवत नाही. मी एवढंच केलं की क्लिनिकमध्ये कुठे चाललात असं विचारून झालं की तिथून पुढे कुठे, हेही विचारू लागले.

फोन ठेवायच्या आधी मी काकांना लग्नाचं विचारलं. झकास झालं म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "भाऊबीजेला गच्चीवर गेलो होतो. कोर दिसली. अक्काला फोन केला, म्हटलं, ओवाळलंस का चंद्राला?"

"मग?"

"नाही म्हणाली. यंदा नुसता बघितला म्हणाली."