गुरुवारची सुट्टी आणि प्रभूचा दिवस

“मॅडम, महिनाअखेरीला मला मोकळं करा,” याकोब म्हणाला आणि हात मागे बांधून माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. याकोब साळवे म्हणजे आमच्या प्रेस शॉपमधला एक नंबरचा डाय सेटर. डाय म्हणजे पोलादी साचा. तो प्रेस मशीनमध्ये बसवायचा, मध्ये पत्रा सरकवायचा, प्रेस खाली आला की गाडीचा पार्ट तयार. साचा केसभर सरकला तरी पार्टला चीर जाते आणि ढीगच्या ढीग भंगारात जातो. असा माणूस अख्ख्या चाकणमध्ये शोधून सापडत नाही, आणि हा म्हणतोय मोकळं करा!

“कुठल्या कंपनीने उचललं तुम्हाला?” मी विचारलं. आम्हा एचआरवाल्यांच्या डोक्यात पहिला संशय हाच येतो.

“कंपनी नाही मॅडम. स्कूल बसवर ड्रायव्हर म्हणून जातोय. रविवार मोकळा मिळतो.”

“एवढी विद्या हातात असताना बस चालवणार? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

तो हसला. “बायकोनं हेच विचारलं. पण मग तीच म्हणाली, जा.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. पूर्वी सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले की विजेचा हिशेब बिघडायचा. म्हणून भागाभागाला वेगवेगळा वार वाटून दिला, याला स्टॅगरिंग म्हणायचे. आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो अंगवळणीच पडला. आमच्याकडे मुलगी बघायला जायचं तेही गुरुवारी आणि वास्तुशांतही गुरुवारी. भटजींनी रविवारचा मुहूर्त काढला तर लोक त्यांनाच दुसरा बघायला लावतात.

याकोब मूळचा नगर जिल्ह्यातला, आता कारखान्याजवळच्या कुरुळी गावात राहतो. तिथे त्याच्यासारखी पोटासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबं आहेत. हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल त्यांनी भाड्याने घेतलाय आणि दर रविवारी सकाळी तिथे उपासना होते. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, महिन्यातून एकदाच येतात, कारण त्यांच्याकडे अशा बऱ्याच मंडळ्या आहेत. बाकीचे रविवार याकोब चालवायचा. आतापर्यंत तो रविवारी कुणाशी तरी अदलाबदल करून सेकंड शिफ्टला यायचा. पण नवीन मॉडेलचं काम आलं आणि आम्ही डाय सेटर फर्स्ट शिफ्टला कायम केले. झालं, त्याची सकाळ गेली.

“मग तुमची उपासना गुरुवारी घ्या की,” मी म्हणाले. मला वाटलं, काय तोडगा काढला! “इथे सगळं जग गुरुवारी चालतं. देवाला काय, कुठलाही वार सारखाच.”

“करून बघितलं मॅडम. गुरुवारी पोरं शाळेत असतात. आमच्यातल्या निम्म्या बायका ऑफिसांत हाऊसकीपिंगला, त्यांना सुट्टी रविवारी. जमायचो पाच-सहा पुरुष, आणि एकमेकांची तोंडं बघायचो. आणि तसं नाही ते. प्रभू शुक्रवारी वधस्तंभावर गेला आणि रविवारी पहाटे उठला. म्हणून आम्ही रविवारला प्रभूचा दिवस म्हणतो. सुट्टी आहे म्हणून आम्ही रविवारी जात नाही. सुट्टी नसली तरी दिवस त्याचाच.”

“म्हणजे तो तुमचा शब्बाथ का काय म्हणतात तो?”

“शब्बाथ यहुदी लोकांचा, शनिवारचा. तो विसाव्याचा दिवस. आमचा पुनरुत्थानाचा.”

हॉल बंद पडला तर त्या घरांना दुसरं ठिकाण नव्हतं, आणि तो बंद पडायला या माणसाची फर्स्ट शिफ्ट पुरेशी होती. हॉल चालू ठेवायचं मोल त्याने हातातल्या कसबाने द्यायचं ठरवलं होतं. खरं सांगते, मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं, दोन्ही एकदमच.

मी प्लांट हेड कुलथे सरांकडे गेले. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“एकाला रविवार दिला की उद्या सगळे दारात. सोमवारी महादेववाले, मंगळवारी गणपतीवाले, शनिवारी मारुतीवाले. मी कारखाना चालवू का वार वाटत बसू?”

“सर, माणूस जातोय.”

“जाऊ दे. दुसरा घडवू.”

“नवीन मॉडेल तोंडावर असताना?”

यावर ते कॉम्प्युटरकडे बघायला लागले. कुलथे सर कॉम्प्युटरकडे बघायला लागले की समजायचं, मुद्दा लागलाय. “आधी मला दाखवा, किती जण मागतील,” ते म्हणाले.

मी कॅन्टीनमध्ये गेले आणि जेवणाच्या सुट्टीत सरळ विचारलं, “गुरुवारऐवजी रविवार सुट्टी कुणाला पाहिजे?” मनात म्हटलं, आता गोंधळ होणार.

गोंधळ झाला, पण उलटाच.

“मॅडम, गुरुवारला हात लावू नका हां!” एक जण ताट सोडून उठला. “बँक, तलाठी, सरकारी दवाखाना, सगळं गुरुवारी उघडं असतं. रविवारी कोण कुत्रं विचारतंय?”

कुरुळीचेच एक जुने कामगार म्हणाले, “आमी न्हाई घेनार रविवार. रविवारी घरी सापडलो की पाव्हणं येत्यात. आख्खा दिस चहा पाजन्यात जातो.”

हात वर झाले ते मोजकेच, लहान पोरंवाल्यांचे. तेही म्हणाले की कधीमधी एखादा मिळाला तरी बास. कुलथे सर ज्या पुराला घाबरत होते त्यात घोटासुद्धा बुडला नसता.

मी हात धुवायला गेले तर मागून इम्तियाज आला. हा आमचा दुसरा डाय सेटर. माणूस कामाला वाघ, पण तोंडाने कायम कुरकुर.

“मॅडम, सगळ्यांना विचारलं. मला नाही विचारलं.”

“तुम्हाला रविवार हवाय?”

“तोबा! मला गुरुवार पाहिजे. जो मला मिळतच नाही.”

मग त्याने जे सांगितलं ते माझ्या डोळ्यांसमोर रोज होतं. गुरुवारी कारखाना बंद, म्हणून प्रेस रिकामे. मग नवीन साचे चालवून बघायचे, ज्याला आम्ही ट्रायल म्हणतो, ते सगळे गुरुवारी. आणि इम्तियाज राहायला जवळ, म्हणून त्यासाठी फोन त्यालाच.

“दर गुरुवारी सकाळी फोन वाजतो. ‘इम्तियाज, जरा ये ना, छोटी ट्रायल आहे.’ बायको म्हणते, तुमची सुट्टी फक्त कॅलेंडरवर असते. मॅडम, याकोबला रविवार देऊन टाका. गुरुवारची ट्रायल तो करेल, रविवारी लाइन मी सांभाळेन. गुरुवारी माझा फोन वाजता कामा नये, बस्स. शुक्रवारी मी नमाजला जातो तेव्हा तो माझं बघतो, तेवढं चालू राहू द्या.”

अगं बाई! ज्या दिवशी डाय सेटरची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी आम्ही दोन्ही डाय सेटरना सुट्टी देत होतो, आणि मग एकाला घरातून ओढून आणत होतो. बदली सुट्टीची कायद्यात सोय आहे. रीतसर कळवायचं, नोटीस बोर्डावर लावायचं, झालं. आजवर कुणाला सुचलं नाही, कारण सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी असते हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

कुलथे सर म्हणाले, “एक महिना बघू. पण रविवारी लाइन थांबली तर त्याने यायचं.”

“येईन सर,” याकोब म्हणाला. “उपासना संपली की धावत येईन. मधूनच नाही.”

“बघू,” सर म्हणाले. या ‘बघू’ने माझी झोप उडवली, कारण याकोबने बसवाल्यांना अजून नाही म्हटलं नव्हतं.

आणि तिसऱ्याच रविवारी लाइन थांबली. पत्र्याचा तुकडा साच्यात अडकला. इम्तियाज घामाघूम झाला होता. कस्टमरचा ट्रक गेटवर उभा, याकोबचा फोन बंद.

“गाडी घ्या आणि त्याला उचलून आणा,” कुलथे सर माझ्यावर ओरडले.

कुरुळी जवळच. जिन्याखाली चपलांचा हा ढीग. वर गेले तर नुकतं गाणं संपलं होतं आणि ढोलकीवाला ढोलकी बाजूला ठेवत होता. एका बाईने मला सरकून जागा दिली. पुढे पांढऱ्या शर्टात याकोब उभा होता. कारखान्यात मान खाली घालून वावरणारा तो हाच माणूस, यावर माझा विश्वास बसेना.

तो प्रार्थना करत होता. आजाऱ्यांसाठी केली. मग ज्यांना ब्रेक मिळालाय त्यांच्यासाठी. ब्रेक म्हणजे कंत्राटी पोरांना काही महिन्यांनी घरी बसवतात ते. आमच्याकडे ते काम माझं. समोर दोन पोरं डोळे मिटून बसली होती, त्यातलं एक माझ्या ओळखीचं निघालं. “आणि प्रभू,” याकोब म्हणाला, “ज्यांच्या हातात घेणं आणि काढणं आहे, त्यांच्यावरही तुझा हात असू दे. त्यांनाही वरून बोलणी बसतात.”

त्याचे डोळे मिटलेले होते. मी आलेय हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी पदराने तोंड पुसलं आणि आवाज न करता जिना उतरले.

खाली उभं राहून फोन लावला.

“सापडला का?” कुलथे सरांनी विचारलं.

“सापडला,” मी म्हणाले. “कामात आहे.”

मला वाटलं, आता माझीच नोकरी गेली.

“कधी सुटेल?”

“बारापर्यंत.”

“बरं. तोवर दुसरा पार्ट लावतो.”

याकोब खरंच धावत आला. शर्ट बदलायलाही थांबला नाही, इम्तियाजनेच त्याच्या अंगावर स्वतःचा ॲप्रन टाकला. “आलास का महाराज! बघ तुझ्या साच्याने काय केलंय,” तो म्हणाला आणि दोघं साच्यात डोकं घालून बसले. संध्याकाळी ट्रक गेला, थोडा उशिरा, पण भरून.

“मंजूर” असा शब्द कुलथे सरांनी कधी उच्चारला नाही. महिना संपला आणि त्यांनी पुढच्या सगळ्या गुरुवारच्या ट्रायल याकोबच्या नावावर टाकल्या. बसवाल्यांना दुसरा ड्रायव्हर मिळाला. इम्तियाजची कुरकुर चालूच आहे, आता म्हणतो, गुरुवारी घरी असलो की बायको भाजी आणायला पाठवते.

इंटरव्ह्यूमध्ये पूर्वी मी विचारायचे, “गुरुवारची सुट्टी चालेल ना?” आणि सगळे “चालेल” म्हणायचे, कारण नोकरी हवी असते. आता विचारते, “आठवड्यात कुठल्या दिवशी तुमची कुणीतरी वाट बघतं?” माणसं आधी गोंधळतात, मग खरं सांगतात.