मोराची मान आणि माझा पासवर्ड

आमच्या घरचा कॉम्प्युटर मिनिटभर हात लावला नाही तर लॉक होतो, कारण घरात हुशार मी एकटाच आहे. उघडा कॉम्प्युटर म्हणजे चोराला आवतण, असं कुठल्याशा मेसेजमध्ये वाचलं आणि मी लगेच बंदोबस्त केला. (आत काय? तुरीच्या वावराचा सातबारा आणि पत्त्यांचा खेळ!) पासवर्ड बायकोलाही सांगितला नाही.

धाकट्या बहिणीच्या, चिंगीच्या लग्नाचा आदला दिवस. कळंबला आमच्या दारात मांडव उभा राहत होता आणि आत माझी बायको संगीता चिंगीच्या हातावर मेंदी काढत होती. नमुना मोराचा. मोबाईलवर तो चिमणीएवढा दिसतो म्हणून कॉम्प्युटरवर लावलेला. दोन पिसं काढली की स्क्रीन गुल!

"अवो, पुन्हा लॉक झालं!"

मी धावत जाऊन उघडायचो. बाहेर येतो न येतो तोच पुन्हा हाक!

"ते लॉकच काढून टाका ना!"

"सुरक्षेत तडजोड नाही!" (ते कुठून काढतात हेच मी विसरलो होतो.)

तेवढ्यात वावधन सुटलं आणि मांडव उडायला लागला. मांडववाला दोर आणायला पळाला, मी खांबाला मिठी मारली. सोडला की मांडव आडवा! आणि नेमका आतून चिंगीचा टाहो.

"दादा, मोराची मान राह्यली! बिनमुंडक्याचा मोर घेऊन मी लग्नाले उभी राहू काय? पासवर्ड सांग!"

"नाही सांगत!"

"अवो, मेंदीचा कोन सुकून राह्यला! काय सोन्याची खाण हाय काय त्यात?"

चिंगी हुंदके द्यायला लागली. माझा जीव कळवळला. एकुलती एक बहीण, उद्या जाणार! मी पासवर्ड ओरडलो, पण वाऱ्यात कुणाला ऐकूच जाईना. तेव्हा लाउडस्पीकरवाले रशीदभाई मदतीला धावले. माईक थेट माझ्या तोंडाशी!

"बोला दादा, आपलं टेस्टिंगबी होऊन जाईन!"

मी डोळे मिटले.

"चॉकलेटबॉय... सगळं जोडून... शेवटी दोन उद्गारचिन्हं!"

भोंगे चार, चारी दिशांना तोंड केलेले. आणि खांबाला लटकलेला चॉकलेटबॉय कोण? टकल्या, पोट सुटलेला, पन्नाशीला टेकलेला मी! आतून "उघडलं!" अशी आरोळी आली, आणि मग गल्लीभर जो हशा पिकला, तो मांडववाला परत आला तरी थांबेना.

मोर पुरा झाला, चिंगी हसत सासरी गेली. पासवर्ड मी त्याच संध्याकाळी बदलला. पण बाजारात गेलो की भाजीवाली मला अजून जुन्याच पासवर्डानं हाक मारते, दोन्ही उद्गारचिन्हांसकट!!