मागावरची गाठ

"हिसका देऊन बघा की, मॅडम!"

पुरवणीला दोरा बांधला की तो उत्तरपत्रिका माझ्यापुढं धरायचा. मी ओढायचे. गाठ हलायची नाही. मागावर तुटलेला धागा जोडतात, ती गाठ. तुरुंगात येण्याआधी वीस वर्षं तो चादरीच विणत होता.

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातून मी दर रविवारी तुरुंगात शिकवायला जायचे. परीक्षेलाही मीच असायचे. भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला होता. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "दुसऱ्या कुणी सांगण्यापरीस मीच सांगतो." मग विचारलं, "बीए झालो की शिक्षेत तीन म्हैने सूट मिळती म्हणं. खरं हाय का?"

खरं होतं. तुम्ही म्हणाल, मग सूट मिळावी म्हणूनच शिकत होता की! आमच्या केंद्राचे साहेबही तेच म्हणायचे. माझी आई विड्या वळायची. घरातली पहिली पदवी माझी, आणि तीही मी नोकरीसाठीच घेतली. आवड म्हणून शिकायला आधी पोट भरलेलं लागतं.

त्याला ते तीन महिने मुलीसाठी हवे होते. त्याच्या बीएच्या शेवटच्या वर्षी ती बारावीला होती. निकाल लागला की तिचं लग्न उरकायचं, असं त्याच्या भावानं ठरवून टाकलं होतं.

"त्याच्या आदी मी घरात पायजे, मॅडम."

त्याच वर्षी त्याचा एक पेपर अडकला. बैठक क्रमांकाच्या चौकटीत यानं कैदी क्रमांक लिहिला होता! रोज हजेरीला तोच सांगायचा, हातानं तोच उमटवला. निकालात हा त्या विषयाला गैरहजर.

साहेब म्हणाले, "चुकीच्या क्रमांकाचा पेपर त्याचाच कशावरून? पुढच्या वेळी परत द्यायला सांगा. कुठं जायचंय त्याला?"

मी निरोप दिला. तो ताडकन उठला.

"परत देणार न्हाय. लिवलाय मी पेपर. गठ्ठा सोडा म्हणावं, गाठी बघा!" आणि दोऱ्याला गाठ मारून तो तुकडा माझ्या हातात दिला.

मी तो अर्जासोबत साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते हसले. मी खुर्ची सोडली नाही. शेवटी केंद्रातच ठेवलेला तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा सुटला. तुरुंगातले, बाहेरचे, सगळे पेपर त्यात. सगळ्या पुरवण्यांना बुटाच्या नाडीसारख्या गाठी, एकीलाच तसली. साहेबांनी हिसका दिला. पुन्हा दिला.

"अक्षर जुळवून घ्या," एवढंच म्हणाले.

तो मे महिन्यात सुटला. मला भेटायला आला नाही.

जूनमध्ये आमच्या केंद्रात प्रवेशाच्या रांगेत एक मुलगी आली. कागद दोऱ्यानं बांधलेले. मी ओढायला लागले.

"सुटत न्हाय ती, मॅडम. कापावी लागंल."

"वडील नाही आले?"

"कामावर गेलेत की. मॅडम गाठ वळखतील म्हणले."

मी कात्री घेतली नाही. दोरा कडेनं सरकवून कागद काढले. ती गाठ आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कैद्यांना कशाला हवी सूट, असं कुणी म्हटलं की मी काच उचलते, गाठ पुढं करते आणि म्हणते, द्या हिसका.