पुढे पाठवलेले बुडबुडे

सलाइनच्या नळीत एक बुडबुडा अडकला होता. नर्सने नळीवर टिचकी मारली, तसा तो वर निघून गेला. बायको डोळे मिटून पडली होती. मी मात्र नळीकडेच बघत राहिलो.

सकाळी डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. कॅन्सरच्या पेशी स्वतः निघण्याआधी असेच बुडबुडे रक्तातून पुढे पाठवतात, डोळ्यांना न दिसणारे, इतके बारीक. ते यकृतात नाहीतर फुप्फुसात जाऊन जागा तयार करून ठेवतात. पेशी मागाहून येतात, तेव्हा त्यांना तिथं परकं वाटत नाही.

हे ऐकून भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो मत्सर. नोकरीत माझ्या बऱ्याच बदल्या झाल्या. दर वेळी मी आधी जाऊन रुजू व्हायचो, ही सामान घेऊन मागाहून यायची आणि रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणायची, "महिनाभर आधी आलात, आणि एक खिळासुद्धा ठोकून ठेवला नाहीत?" आणि हा कॅन्सर बेटा हिच्या अंगात घरच्यासारखा वावरतो. इतक्या वर्षांत हिच्या मनाचा मला थांग लागला नाही, आणि याचे निरोप हिच्या रक्तातून बिनदिक्कत फिरतात.

"आज तुम्ही पुढे व्हा," ती डोळे न उघडताच म्हणाली. "गीझर लावून ठेवा. लेक येतेय, ती आणेल मला."

किल्ली माझ्या खिशातच होती. तरी मी उठलो नाही. हिला त्याच्याजवळ सोडून जायला मन होईना.